लिनिअर की पीडब्ल्यूएम? सिम्युलेशनमध्ये पॉवर कंट्रोलची तुलना नेमकी कशी करायची

हीटर, एलईडीची पट्टी किंवा छोटी डीसी मोटर कमी-जास्त करायची असेल तर दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेत मॉस्फेट (करंट सोडणारा किंवा अडवणारा ट्रान्झिस्टर) अर्धवट उघडा ठेवून उरलेला व्होल्टेज त्याच्यावर जिरवायचा, म्हणजे लिनिअर. दुसऱ्या वाटेत तो पूर्ण चालू आणि पूर्ण बंद असा भराभर करायचा, म्हणजे पीडब्ल्यूएम (पल्स विड्थ मॉड्युलेशन). कोणती वाट जास्त तापते हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी सिम्युलेशनमधून आलेले आकडे बहुतेक वेळा चुकीचे असतात. दोन्ही सर्किट बरोबर काढलेली असतात, पण ‘५० टक्के’ या एका शब्दापाशी माशी शिंकते. लिनिअरचे ५० टक्के म्हणजे अर्धा व्होल्टेज आणि पीडब्ल्यूएमचे ५० टक्के म्हणजे अर्धा वेळ. हीटरला या दोन्हींत मिळणारी पॉवर सारखी नसते, मग तुलना कशाची?

म्हणून इथे सगळं एका नियमावर बेतलं आहे: लोडला (ज्याला पॉवर द्यायची त्या हीटरला किंवा मोटरला) दोन्ही पद्धतींत तेच मिळालं पाहिजे, आणि ते मिळतंय याची खात्री झाल्याशिवाय मॉस्फेटच्या उष्णतेकडे बघायचंच नाही.

## तयारी: काय हाताशी हवं

सॉफ्टवेअर म्हणून एलटीस्पाइस हा सर्किट सिम्युलेटर धरला आहे. तो फुकट मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. वाचायला सोपं जावं म्हणून खाली कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन अक्षरांतच करा.

सर्किटसाठी हे आकडे पक्के करा:

- सप्लाय: १२ व्होल्ट डीसी
- पहिला लोड: ६ ओहमचा रेझिस्टर (पूर्ण चालू असताना २ अँपिअर, २४ वॅट)
- दुसरा लोड: मोटर म्हणून १ ओहम, १ मिलिहेन्री आणि ४ व्होल्टचा बॅक ईएमएफ (फिरणारी मोटर स्वतः तयार करते तो उलटा व्होल्टेज), तिन्ही सिरीजमध्ये
- मॉस्फेट: आयआरएफझेड४४एन. लॅमिंग्टन रोड असो वा पुण्याची तपकीर गल्ली, कुठेही मिळतो. तुमच्या आवृत्तीच्या यादीत नसेल तर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून मॉडेल उतरवून घ्या. नावात जवळचा वाटला म्हणून दुसराच भाग टाकू नका.
- लिनिअरसाठी ऑपॲम्प (दोन इनपुटांतला फरक वाढवणारा ॲम्प्लिफायर): एलटी१०१३. याचा इनपुट ग्राउंडपर्यंत खाली चालतो, इथे तेच लागतं.
- मोटरसाठी डायोड: सिम्युलेशनमध्ये एमबीआरएस३४०, प्रत्यक्षात १एन५८२२ चालेल. दोन्ही ३ अँपिअर, ४० व्होल्टचे शॉटकी.

मॉडेलच्या यादीत मॉस्फेटपुढे ५५ व्होल्ट, अमुक मिलिओहम, अमुक नॅनोकूलंब असं दिसतं. ते रकाने केवळ निवड सोपी व्हावी म्हणून आहेत, सिम्युलेटर ते गणितात धरत नाही. त्यामुळे ५५ व्होल्टचा मॉस्फेट स्क्रीनवर ३०० व्होल्ट निमूट सोसतो. याची आठवण पुढे सातव्या टप्प्यात लागेल.

अक्षरांचे सापळे. स्पाइसमध्ये ‘एम’ म्हणजे मिली, मग ते अक्षर मोठं लिहा की लहान. मेगासाठी ‘मेग’ असंच पूर्ण लिहावं लागतं. कपॅसिटरपुढे ‘१ एफ’ लिहिलं तर तो एक फॅरड होत नाही, एक फेम्टोफॅरड होतो. आणि ग्राउंडचं चिन्ह विसरलात तर सर्किट चालणारच नाही. ही चूक निदान लगेच तरी कळते.

## टप्पा १: आधी कागदावर उत्तर काढा

सिम्युलेटर उघडण्याआधी दहा मिनिटं इथे द्या. कागदावर अंदाज नसेल तर स्क्रीनवरचा कुठलाही आकडा खरा वाटतो.

लिनिअरचं गणित सोपं आहे. सप्लायमधून जेवढा करंट निघतो तेवढाच लोडमधून जातो, म्हणून कार्यक्षमता म्हणजे लोडचा व्होल्टेज भागिले १२. पीडब्ल्यूएममध्ये तीन खर्च असतात:

- वहन: करंटचा वर्ग × १७.५ मिलिओहम (पूर्ण उघड्या मॉस्फेटचा ऑन रेझिस्टन्स) × ड्यूटी (पिरियडातला चालू वेळेचा वाटा).
- स्विचिंग: अर्धा × व्होल्टेज × करंट × (चढण + उतरण) × फ्रिक्वेन्सी. हा वरचा अंदाज आहे, नुसत्या रेझिस्टरच्या लोडला खरा आकडा याच्या साधारण एक तृतीयांश येतो. चढण आणि उतरण प्रत्येकी ३० नॅनोसेकंद, फ्रिक्वेन्सी २० किलोहर्ट्झ धरली तर १४ मिलिवॅट.
- गेट (मॉस्फेटचं नियंत्रणाचं टोक) भरणं: ६३ नॅनोकूलंब × १० व्होल्ट × २० किलोहर्ट्झ, म्हणजे १३ मिलिवॅट.

६ ओहमच्या लोडसाठी हिशेब असा येतो:

| लोडची पॉवर | लिनिअर: लोडचा व्होल्टेज | लिनिअरचा तोटा | पीडब्ल्यूएमची ड्यूटी | पीडब्ल्यूएमचा तोटा |
|---|---|---|---|---|
| ३ वॅट | ४.२४ | ५.४९ वॅट | १२.५ टक्के | ३६ मिलिवॅट |
| ६ वॅट | ६.०० | ६.०० वॅट | २५ टक्के | ४५ मिलिवॅट |
| १२ वॅट | ८.४९ | ४.९७ वॅट | ५० टक्के | ६२ मिलिवॅट |
| १८ वॅट | १०.३९ | २.७८ वॅट | ७५ टक्के | ८० मिलिवॅट |

दुसरी आणि तिसरी ओळ नीट बघा. लिनिअरमध्ये अर्धा व्होल्टेज दिला की हीटरला ६ वॅट मिळतात, पीडब्ल्यूएममध्ये अर्धा वेळ दिला की १२ वॅट. ‘दोन्ही ५० टक्क्यांवर ठेवून’ केलेली तुलना म्हणजे ६ वॅटच्या हीटरची १२ वॅटच्या हीटरशी तुलना.

आणखी एक: लिनिअरचा सर्वांत वाईट क्षण पूर्ण लोडला येत नाही, अर्ध्या व्होल्टेजला येतो. हीटसिंक त्या ६ वॅटसाठी निवडायचा असतो.

## टप्पा २: लिनिअर सर्किट उभं करा

१. लोडचं एक टोक १२ व्होल्टला, दुसरं मॉस्फेटच्या ड्रेनला (करंट ड्रेनमधून आत येतो, सोर्समधून बाहेर जातो).

२. सोर्स आणि ग्राउंड यांच्यात ०.१ ओहमचा शंट, म्हणजे करंट मोजण्यासाठीचा छोटा रेझिस्टर.

३. ऑपॲम्पच्या प्लस इनपुटला रेफरन्स व्होल्टेज द्या. १२ वॅटसाठी करंट १.४१४ अँपिअर हवा, म्हणून रेफरन्स ०.१४१४ व्होल्ट.

४. शंटच्या वरच्या टोकापासून मायनस इनपुटपर्यंत १ किलोओहम.

५. ऑपॲम्पच्या आउटपुटपासून गेटपर्यंत १०० ओहम, आणि त्याच आउटपुटपासून मायनस इनपुटपर्यंत १ नॅनोफॅरड.

६. ऑपॲम्पला तोच १२ व्होल्ट सप्लाय.

पाचव्या पायरीतल्या दोन भागांना कात्री लावण्याचा मोह होतो. लावू नका. मॉस्फेटचा गेट म्हणजे ऑपॲम्पच्या गळ्यात बांधलेला दीडेक नॅनोफॅरडचा कपॅसिटर. तो थेट जोडला तर लूप डोलायला लागतो आणि ‘लिनिअर’ सर्किट शेकडो किलोहर्ट्झवर थरथरतं. मग मॉस्फेटची सरासरी पॉवर भलतीच येते आणि दोष मॉडेलला दिला जातो.

ऑपॲम्प टाळून गेटला सरळ डीसी सोर्स लावण्याची चोरवाटही आहे. फक्त बघण्यासाठी ती ठीक. गेटचा व्होल्टेज ० ते ६ व्होल्ट, १० मिलिव्होल्टच्या पायरीने डीसी स्वीप करा. मॉस्फेटच्या पॉवरचा आलेख टेकडीसारखा वर जाऊन खाली येतो, माथा ६ वॅटच्या आसपास. त्याच आलेखात हेही दिसेल की ही सगळी टेकडी गेटच्या थोड्याशा व्होल्टेजमध्ये संपते. मॉस्फेट तापला की थ्रेशोल्ड (ज्या गेट व्होल्टेजला तो उघडायला लागतो तो) खाली येतो, आणि गेट स्थिर ठेवलेला असेल तर करंट वाढतो, म्हणून आणखी तापतो. प्रत्यक्षात फीडबॅक लागतो तो यासाठीच.

थांबा, तपासा. ऑपरेटिंग पॉइंट (स्थिर डीसी स्थिती काढणारं सिम्युलेशन) चालवा. शंटवर ०.१४१ व्होल्ट, लोडवर ८.४८ व्होल्ट, ड्रेन ते सोर्स ३.३७ व्होल्ट आले पाहिजेत. मॉस्फेटमध्ये ४.७७ वॅट आणि शंटमध्ये ०.२ वॅट, मिळून ४.९७ वॅट. कागदाशी जुळलं? मग २ मिलिसेकंदांचा ट्रान्झिएंट (वेळेनुसार चालणारं सिम्युलेशन) चालवा आणि गेटवर सरळ रेषा आहे याची खात्री करा. तिथे काटेरी कुंपण दिसलं तर १ नॅनोफॅरड वाढवून २.२ करा.

## टप्पा ३: पीडब्ल्यूएम सर्किट उभं करा

लोड आणि मॉस्फेट तसेच. शंट काढा, सोर्स थेट ग्राउंडला. शंट हा लिनिअर पद्धतीचा स्वतःचा खर्च आहे, तो पीडब्ल्यूएमच्या माथी मारायचं कारण नाही. गेटला १० ओहममधून पल्स सोर्स द्या:

- सुरुवातीचा व्होल्टेज ०, चालू व्होल्टेज १०
- चढण ५० नॅनोसेकंद, उतरण ५० नॅनोसेकंद
- चालू वेळ २४.९५ मायक्रोसेकंद
- पिरियड ५० मायक्रोसेकंद

चालू वेळ २५ ऐवजी २४.९५ का? स्पाइसमध्ये चालू वेळ म्हणजे माथ्यावरचा सपाट भाग, चढण-उतरण त्यात धरलेली नसते. अर्ध्या उंचीवर मोजली तर रुंदी बरोबर २५ मायक्रोसेकंद होते. ५० टक्क्यांना हा फरक नगण्य वाटेल, पण ५ टक्के ड्यूटीवर तो बोचतो.

चढण आणि उतरण शून्य लिहू नका. शून्य म्हणजे ‘क्षणात’ असं सिम्युलेटर समजत नाही. तो स्वतःच्या मनाने एक वेळ ठरवतो आणि ती तुमच्या अपेक्षेपेक्षा खूप मोठी असते. ‘आदर्श पल्स दिला तरी स्विचिंगचा तोटा एवढा कसा?’ या प्रश्नाचं उत्तर निम्म्या वेळा इथेच सापडतं.

गेटला ५ किंवा ३.३ व्होल्ट देऊन थेट मायक्रोकंट्रोलरची नक्कल करणारे पुष्कळ. आयआरएफझेड४४एनचा थ्रेशोल्ड डेटाशीटमध्ये २ ते ४ व्होल्ट दिला आहे, आणि तोही २५० मायक्रोअँपिअर करंटला. म्हणजे थ्रेशोल्डला मॉस्फेट जेमतेम जागा होतो, पूर्ण उघडत नाही. १७.५ मिलिओहम हा आकडा १० व्होल्ट गेटचा आहे. ३.३ व्होल्टवर मॉडेल कदाचित चालेलही, कारण मॉडेलमध्ये थ्रेशोल्डची एकच किंमत असते. तुमच्या हातातला नग ३.८ व्होल्टचा निघाला तर काय? ५ व्होल्टवर चालवायचं असेल तर लॉजिक लेव्हलचा आयआरएलझेड४४एन घ्या, नाहीतर गेट ड्रायव्हर लावा.

## टप्पा ४: ट्रान्झिएंटच्या सेटिंग्ज

रेझिस्टिव्ह लोडला स्थिरावायला वेळ लागत नाही. एकूण वेळ १ मिलिसेकंद, साठवण ०.५ मिलिसेकंदापासून, कमाल टाइमस्टेप ५ नॅनोसेकंद. साठवलेल्या अर्ध्या मिलिसेकंदात बरोबर १० पिरियड बसतात. हे ‘बरोबर’ महत्त्वाचं आहे. साडेदहा पिरियडांची सरासरी काढली तर अर्धा पिरियड कुठल्या तरी एका बाजूला झुकतो आणि ड्यूटी न बदलताच पॉवर बदललेली दिसते.

कमाल टाइमस्टेप रिकामा ठेवलात तर सिम्युलेटर सपाट भागात लांब ढांगा टाकतो आणि कधी कधी ३० नॅनोसेकंदांचा काठ (चालू-बंद होतानाची चढण किंवा उतरण) दोन-तीन बिंदूंत उरकतो. स्विचिंगचा सगळा तोटा त्या काठावरच घडतो. आलेखावर डेटा पॉइंट दाखवण्याची सोय सुरू करा, एक काठ मोठा करा आणि बिंदू मोजा. सहापेक्षा कमी असतील तर टाइमस्टेप निम्मा करा. निम्मा करूनही मॉस्फेटची सरासरी पॉवर दोन टक्क्यांहून कमी हलली, तर आकड्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

एक ओळ स्कीमॅटिकवर जरूर टाका: ‘डॉट ऑप्शन्स प्लॉटविनसाइझ=०’. एलटीस्पाइस आलेख साठवताना त्यातले बिंदू गाळून फाइल लहान करतो, ही ओळ ती सवय बंद करते. फाइल फुगते, पण सरासरी खरी येते.

## टप्पा ५: लोड समान करा, मगच मोजा

ऑल्ट दाबून लोडवर क्लिक केलं की त्याची क्षणोक्षणीची पॉवर आलेखात येते. मग कंट्रोल दाबून आलेखाच्या नावावर क्लिक करा, सरासरी समोर येईल.

पहिल्या फेरीत लोडवर १२ ऐवजी ११.९३ वॅटच्या आसपास दिसेल, कारण मॉस्फेटचे १७.५ मिलिओहम वाटेत आहेत. चालू वेळ २५.१ मायक्रोसेकंद करा, म्हणजे ड्यूटी ५०.३ टक्के, आणि पुन्हा बघा. दोन्ही सर्किटांत लोडची पॉवर एक टक्क्याच्या आत आली की मॉस्फेटवर क्लिक करायला मोकळे.

इथे तीन चुका हमखास होतात, आणि तिन्ही उत्तरं बघताना शहाणी वाटतात.

सरासरी व्होल्टेज गुणिले सरासरी करंट. पीडब्ल्यूएमवर लोडचा सरासरी व्होल्टेज ६ आणि सरासरी करंट १ अँपिअर. गुणाकार ६ वॅट. खरी पॉवर १२ वॅट. आधी क्षणोक्षणी गुणायचं, मग सरासरी काढायची. उलट क्रम हीटरला चालत नाही. डीसी रेंजवर लावलेला मल्टिमीटरही तुम्हाला याच खड्ड्यात ढकलतो, तो ६ व्होल्टच दाखवतो.

आकडे स्प्रेडशीटमध्ये नेऊन सरासरी. सिम्युलेटरचे बिंदू समान अंतरावर नसतात. काठांजवळ दाट, सपाट भागात विरळ. स्प्रेडशीटची साधी सरासरी प्रत्येक बिंदूला सारखं वजन देते, म्हणून काठांवरच्या पॉवरच्या सुळक्यांना कित्येक पट भाव मिळतो आणि तोटा फुगतो. सरासरी सिम्युलेटरलाच काढू द्या, तो वेळेचं वजन धरतो.

सुळक्याला घाबरणं. मॉस्फेटच्या पॉवरच्या आलेखात प्रत्येक काठावर काही वॅटचे सुळके दिसतात. करंट आणि व्होल्टेज दोन्ही मधल्या किमतीवर असतात तिथे ६ वॅटपर्यंत जाणं स्वाभाविक आहे. लिनिअरमध्ये तो मॉस्फेट त्याच ६ वॅटवर तासन्‌तास बसतो, इथे ३० नॅनोसेकंद. या एका आलेखात दोन्ही पद्धतींतला सगळा फरक आहे, तो एकदा डोळ्यांनी बघाच.

थांबा, तपासा: ऊर्जेचा ताळेबंद. सप्लायने दिलेली पॉवर अधिक गेट सोर्सने दिलेली पॉवर, हे लोड, मॉस्फेट आणि गेट रेझिस्टर यांच्या बेरजेइतकं यायला हवं. सोर्सची पॉवर ऋण दिसेल, घाबरू नका, देणाऱ्याचं चिन्ह तिथे ऋणच असतं. फरक एक टक्क्याहून जास्त असेल तर टाइमस्टेप किंवा पिरियडांची संख्या चुकली आहे. मागे जा.

## टप्पा ६: गेट रेझिस्टर बदलून बघा

पीडब्ल्यूएम म्हणजे थंड, हा समज इथे तुटतो. गेट रेझिस्टरच्या किमतीच्या जागी महिरपी कंसात ‘आरजी’ लिहा आणि ‘डॉट स्टेप पॅरम आरजी लिस्ट १० १०० १०००’ अशी ओळ टाका. कंस विसरलात तर सिम्युलेटर त्या नावाला किंमत म्हणून ओळखत नाही.

काठाची लांबी गेटमध्ये किती करंट ढकलता यावर ठरते. १० ओहमला काठ ३० नॅनोसेकंदांचा धरला तर १०० ओहमला तो ३०० आणि १ किलोओहमला ३ मायक्रोसेकंद. २० किलोहर्ट्झवर स्विचिंगचा तोटा अनुक्रमे १४ मिलिवॅट, १४४ मिलिवॅट आणि १.४४ वॅट. ‘पिनचं संरक्षण’ म्हणून गेटला १ किलोओहम लावणारे आपल्या मॉस्फेटला पिरियडाचा आठवा भाग लिनिअरमध्येच ठेवतात. तुमचे आकडे यांच्याशी तंतोतंत जुळणार नाहीत, पण दर पायरीला स्विचिंगच्या तोट्यात साधारण दहा पट उडी दिसायला हवी. १ किलोओहमला गेट उशिरा जागा होतो आणि उशिरा झोपतो, त्यामुळे लोडची पॉवरही सरकते. चालू वेळ पुन्हा जुळवून घ्या, नाहीतर टप्पा ५ चा नियम मोडला.

मग फ्रिक्वेन्सी १ किलोहर्ट्झ करून तोच १ किलोओहम लावा. तोटा वीस पटींनी घटून ७२ मिलिवॅटवर येतो. हीटरला २० किलोहर्ट्झची गरजच नसते, त्याला १०० हर्ट्झही पुरतात. २० किलोहर्ट्झ लागतात ते मोटरला, नाहीतर ती कानाला ऐकू येईल अशी शीळ घालत राहते.

## टप्पा ७: मोटर लोड, आणि इथे ‘समान’चा अर्थ बदलतो

मोटरचा जोर सरासरी करंटवर ठरतो. म्हणून हीटरसारखी पॉवर नाही, तर सरासरी करंट समान ठेवायचा: २ अँपिअर. बॅक ईएमएफ ४ व्होल्ट, १ ओहमवर २ व्होल्ट, म्हणजे टोकांवर सरासरी ६ व्होल्ट.

लिनिअरमध्ये रेफरन्स ०.२ व्होल्ट करा. मॉस्फेट ५.८ व्होल्ट आणि २ अँपिअर, म्हणजे ११.६ वॅट जिरवेल.

पीडब्ल्यूएममध्ये डायोड मोटरच्या समांतर लावा, कॅथोड १२ व्होल्टकडे. इंडक्टरला स्थिरावायला वेळ द्या: १ मिलिहेन्री भागिले १ ओहम म्हणजे १ मिलिसेकंद, त्याच्या पाच पट तरी थांबायचं. एकूण वेळ १० मिलिसेकंद, साठवण ८ पासून, टाइमस्टेप २० नॅनोसेकंद. साठवणीत ४० पिरियड बसतात. डायोडवर पडणाऱ्या ०.४५ व्होल्टमुळे ड्यूटी ५२ टक्क्यांच्या आसपास न्यावी लागेल.

आता मॉस्फेटवर नाही, डायोडवर क्लिक करा. मॉस्फेट ५० मिलिवॅटच्या आसपास, डायोड मात्र ०.४३ वॅट. सगळ्या तोट्याचा सिंहाचा वाटा त्या डायोडचा. इथून पुढे सुधारणा हवी असेल तर महागडा मॉस्फेट आणून उपयोग नाही, डायोडच्या जागी दुसरा मॉस्फेट बसवावा लागतो.

फ्रिक्वेन्सी १ किलोहर्ट्झवर आणा आणि मोटरचा करंट बघा. २० किलोहर्ट्झला चढउतार ०.१५ अँपिअरचा होता, आता जवळपास ३ अँपिअरचा. सरासरी अजून २ अँपिअरच आहे, पण आरएमएस (उष्णता ज्यावर ठरते ती परिणामी किंमत) २.१८ झाला, आणि वाइंडिंगमधली उष्णता ४ वॅटवरून पावणेपाच वॅटवर गेली. मॉस्फेट थंडच आहे, वाढीव उष्णता मोटर खाते. फक्त मॉस्फेट मोजणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

सावधान. डायोड काढून एकदा चालवून बघा, फक्त स्क्रीनवर. ड्रेनवर शेकडो, कधी हजारो व्होल्ट दिसतील आणि मॉस्फेट हूं की चूं करणार नाही. तयारीत सांगितलेले ५५ व्होल्ट ते हेच: बऱ्याच मॉडेलांत ब्रेकडाउन लिहिलेलाच नसतो. सिम्युलेशन चाललं याचा अर्थ सर्किट वाचेल असा होत नाही.

डायोड म्हणून १एन४००७ लावण्याची सवय रिलेच्या सर्किटांतून येते. तो सावकाश बंद होणारा डायोड आहे. २० किलोहर्ट्झवर मॉस्फेट चालू होतो तेव्हा तो अजून उलट्या दिशेने वाहत असतो आणि क्षणभर सप्लाय जवळजवळ शॉर्ट होतो. मॉडेलमध्ये तो सावकाशपणा लिहिलेला नसेल तर सिम्युलेशन हेही लपवतं.

## टप्पा ८: आदर्श सप्लायला वायर जोडा

आतापर्यंतचा सप्लाय परिपूर्ण होता, आणि याचा फायदा फक्त पीडब्ल्यूएमला झाला. सप्लायच्या सिरीजमध्ये १ मायक्रोहेन्री (साधारण एक मीटर जोडवायर) आणि ५० मिलिओहम टाका. २ अँपिअर ३० नॅनोसेकंदांत तोडले तर कागदावर ६७ व्होल्टचा झटका, त्यात १२ मिळवा. ५५ व्होल्टच्या मॉस्फेटला ७९ व्होल्ट. मोटरवरचा डायोड इथे कामाचा नाही, कारण ही ऊर्जा सप्लायच्या वायरमधली आहे.

आता लोड आणि मॉस्फेटच्या अगदी जवळ ४७० मायक्रोफॅरड ठेवा, त्याला ०.१ ओहमचा सिरीज रेझिस्टन्स द्या, आणि झटका किती उतरतो ते बघा. लिनिअर सर्किटला हेच सगळं लावून पाहिलंत तर त्याला काही फरक पडत नाही. मापनयंत्र, ऑडिओ, सेन्सरचा सप्लाय अशा ठिकाणी लोक उष्णता सोसून लिनिअर ठेवतात त्याचं कारण हे. शिवाय सप्लाय आणि लोड यांच्यात फरक थोडा असेल, जसं १८ वॅटच्या ओळीत, तर लिनिअरची कार्यक्षमता ८६.६ टक्के येते. तिथे पीडब्ल्यूएमचा खटाटोप करावा का, हा खरा प्रश्न आहे.

## टप्पा ९: वॅटचं तापमान करा

सिम्युलेटरने आधीच वेगळं सांगितलं नसेल तर मॉस्फेट २७ अंशांवर धरलेला असतो. तुमचा तसा नसतो. आयआरएफझेड४४एनचा हीटसिंकविना थर्मल रेझिस्टन्स वॅटमागे ६२ अंश. पीडब्ल्यूएमचे ६२ मिलिवॅट म्हणजे चार अंशांची वाढ, बोटालाही कळणार नाही. लिनिअरचे ४.७७ वॅट म्हणजे जवळपास ३०० अंश, अर्थात त्याआधीच तो गेलेला असेल.

हीटसिंक काढताना वाईटातला ६ वॅटचा बिंदू घ्या. जंक्शन (मॉस्फेटची आतली चिप) १२५ अंशांपर्यंत चालवायचं, मे महिन्यात विदर्भात बंद डब्याच्या आतली हवा ५५ अंश धरायची. उरले ७० अंश, भागिले ६, म्हणजे वॅटमागे ११.७. त्यातून जंक्शन ते केसचे १.५ आणि अभ्रक-पेस्टचे ०.७ वजा करा. ९.५ किंवा त्याहून कमी आकड्याचा हीटसिंक लागेल. ‘छोटा पत्रा लावला तरी चालेल’ या वाक्याला या गणितात जागा नाही.

गरम मॉस्फेटचा ऑन रेझिस्टन्स दीड पट किंवा त्याहून जास्त वाढतो, तेव्हा पीडब्ल्यूएमचा वहनतोटा १.६ ने गुणूनच लिहा.

लिनिअरसाठी शेवटची तपासणी सिम्युलेशनमध्ये होत नाही, डेटाशीटमध्ये होते. सेफ ऑपरेटिंग एरियाचा आलेख उघडा आणि तुमचा व्होल्टेज व करंट डीसीच्या रेषेखाली बसतो का ते बघा. डीसीची रेषाच छापलेली नसेल, फक्त १० मिलिसेकंदांपर्यंतच्या पल्सच्या रेषा असतील, तर तो मॉस्फेट स्विचिंगसाठी बनवलेला आहे. लिनिअरमध्ये चालवला तर चिपच्या एखाद्या कोपऱ्यात करंट गोळा होऊन तेवढाच ठिपका जळतो, सरासरी तापमान मर्यादेत असतानाही. अशा वेळी डीसीची रेषा छापलेला भाग शोधा, नाहीतर करंट दोन मॉस्फेटमध्ये वाटा. वाटताना प्रत्येकाला स्वतंत्र शंट आणि स्वतंत्र ऑपॲम्प द्या. नुसते गेट एकत्र बांधले तर ज्याचा थ्रेशोल्ड कमी तो सगळा भार ओढून घेतो.